मशीनवर सुपडूआप्पा

म्हसावद मागे पडलं की घाट लागतो आणि घाट लागला की मोबाइल मुका होतो, हे दर सोमवारी धडगावला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जिजींचा, म्हणजे सुपडूआप्पांच्या बायकोचा, फोन आला तो नेमका त्याआधीच्या पाच मिनिटांत. जीपमध्ये आम्ही चौदा जण, माझ्या मांडीवर कुणाची तरी तेलाची बरणी. पण जिजी स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून कसाबसा एक हात मोकळा करून तो कानाला लावला. "आप्पा गयात, बेटा," जिजी म्हणाल्या. सकाळचा चहा घेऊन खाटेवर जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत... कण्हणं नाही, हाक नाही, काही नाही. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, बरणी शेजारणीच्या मांडीवर दिली आणि शहाद्याकडे परतणाऱ्या जीपची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला भीती वाटली, आणि तीही स्वतःपुरती. गेली बारा वर्षं मी माईकवर बोलते आहे. या बारा वर्षांत मी माईकवर आहे आणि मशीनवर सुपडूआप्पा नाहीत असं एकदाही झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी जिजींनी त्या भीतीवर शिक्कामोर्तबच केलं. आमच्या खानदेशात माणूस गेल्यावर गंधमुक्तीचा कार्यक्रम होतो. सगेसोयरे जमतात, कपाळाला गंध लावून सुतक उतरवतात आणि मग श्रद्धांजलीची भाषणं होतात. "गंधमुक्तीले तू बोलजो," जिजी म्हणाल्या. मी मान हलवली. बाहेर येऊन चपला घातल्या त्या उलट्या पायांत.

सुपडूआप्पा म्हणजे शहाद्याचे माईकवाले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि त्याला लागून तेवढंच दुकान. एक लाकडी पेटीतलं मशीन, दोन भोंगे, चार माईक, त्यातले तीन चालू. लग्न, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, निवडणुकीची सभा, गंधमुक्ती, जिथे म्हणून माणसाला माणसांपुढे बोलायचं असतं तिथे हा बारीक अंगाचा, पांढऱ्या टोपीतला माणूस सगळ्यांच्या मागे मशीनला पाठ चिकटवून बसलेला असायचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घातलं होतं, त्यावरून सुपडू. ते स्वतः मात्र वेगळं सांगायचे. "माले सुपमा पाखडेल शे. भुसा कव्हयच उडी गया, आते दानाच ऱ्हायना." हे बोलून ते स्वतःच्या बारीक दंडाकडे बघून हसायचे.

आणि हा माणूस स्वतः माईकवर काय बोलायचा, तर "हॅलो... हॅलो... चेक." बस. त्याच्यापुढे एक शब्द नाही. मुलीच्या लग्नात लोकांनी आग्रह करकरून माईक हातात दिला, तर त्यांनी त्यावर दोनदा टिचकी मारली, आवाज बरोबर आहे याची खात्री केली आणि माईक व्याह्यांच्या हातात ठेवला. अशा माणसानं मला बोलायला शिकवलं, असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं.

मी नवापूरकडची, अगदी गुजरातच्या सीमेवरच्या डोंगरातली. घरी आम्ही कोकणी बोलतो, समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगरातली. शाळेत मराठी शिकले ती परीक्षेत लिहिण्यापुरती. गावच्या चर्चमध्ये मात्र माझी जीभ भलती सैल. रविवारी प्रार्थना सांगायला उभी राहिले, डोळे मिटले की शब्द कुठून कुठून येत राहायचे, आणि आई कोपरानं ढोसायची, आता आवर. पुढे शेतकीची पदवी घेतली, कृषी सहायक म्हणून नोकरी लागली आणि पहिली नेमणूक मिळाली शहादा तालुक्यात. इथे सगळा कारभार अहिराणीत. बागायतदार पाटील मंडळी, केळी-कापूस-उसात मुरलेली, आणि त्यांना शेतीतलं शिकवणार कोण, तर डोंगरातून आलेली ही चोवीस वर्षांची एस्तर. मला केळीवरचे सगळे रोग पाठ होते. पण चार माणसं समोर आली की तोंडातून "नमस्कार" एवढंच बाहेर यायचं आणि बाकीचं पोटात राहायचं.

पहिला मेळावा सारंगखेड्याजवळच्या एका गावात होता. केळीवर हरण्या रोग आला होता. पानांवर पिवळे पट्टे पडतात, झाड खुरटतं, घड धरत नाही. साहेबांनी दोन शब्द बोलून माईक माझ्याकडे दिला. सतरंजीवर सगळा गाव बसलेला. मी कागद उघडला, अक्षरं पोहायला लागली... आणि काय झालं कळलं नाही, सवयीनं माझे डोळे मिटले. मान खाली, हात एकमेकांत, तोंडातून शब्द नाही. पुढे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना वाटलं, बाईंनी श्रद्धांजली ठेवली. ते उठून उभे राहिले. त्यांचं पाहून शेजारचे उठले, मग रांगच्या रांग उठली, टोप्या हातात आल्या. मी डोळे उघडले तर अख्खा गाव माझ्यासमोर माना घालून उभा! साहेबही उभे. आता मध्येच बोलायचं कसं म्हणून मीही उभी राहिले. दोन मिनिटं पुरती झाल्यावर सगळे बसले आणि मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कोन वारनं हो?"

त्या दिवशी तापीत उडी टाकावी असं वाटत होतं. माणसं पांगल्यावर मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. मशीनवाले म्हातारे कोपर आणि अंगठ्याभोवती वायर गुंडाळत जवळ आले. "मॅडम, भाषन ते पडनं तुमनं," ते म्हणाले. "पन इतली शांतता... इतला वरीसमा मन्ह्या मशीनवर कोनीच करी नही." मी रडत होते आणि मला हसू फुटलं. त्यांनी वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "उद्या सांजले घर या. जिजी भाकरी करस, तव्हय या." हे माझं त्यांचं पहिलं बोलणं.

मला वाटलं जेवायला बोलावलं. तर त्यांनी मला चुलीसमोर पाट दिला आणि सांगितलं, हरण्या रोग काय असतो ते जिजीला समजावून सांगा. अट एकच, जिजी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत राहील. ज्या दिवशी तिचे हात थांबतील त्या दिवशी समजायचं, बोलणं पोचलं. ते स्वतः उंबऱ्यावर बसून कुठल्या तरी बिघडलेल्या माईकची तुटलेली तार डाग देऊन जोडत होते. मी रोगाचं नाव सांगितलं, विषाणू सांगितला, मावा हा कीटक तो कसा पसरवतो ते सांगितलं. थप थप थप थप. दुसऱ्या दिवशी तक्ता काढून नेला. थप थप. आठवडाभर मी जात होते, जेवत होते, बोलत होते, आणि आप्पा मान वर न करता एवढंच म्हणायचे, "थापी ऱ्हायनी."

एका संध्याकाळी मी वैतागले, कागद पिशवीत कोंबला आणि काही सुचेना म्हणून माझ्या आईची गोष्ट सांगायला लागले. आमच्या घरामागे आईनं हौसेनं केळीची पाच-सहा झाडं लावली होती. जागा वाया जाऊ नये म्हणून शेजारीच काकडीचा वेल सोडला. काकड्या भरपूर आल्या, आम्ही भावंडं खाऊन खाऊन कंटाळलो. केळीची पानं मात्र पट्ट्यापट्ट्यांची झाली. आई म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. ती रोज संध्याकाळी त्या झाडांजवळ उभी राहून प्रार्थना करायची, आणि रोग ज्या माव्यामुळे येत होता तो मावा शेजारच्या काकडीवर मजेत बसलेला होता. आम्हाला काय माहीत... मी बोलता बोलता थांबले. घरात आवाजच नव्हता. जिजींचे दोन्ही हात पिठात तसेच होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. "मंग? तुन्ही मायनी मंग काय करं?" तेवढ्यात तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला. आप्पांनी उंबऱ्यावरून वाकून पाहिलं. चेहरा असा खुलला होता की जणू त्यांनाच बढती मिळाली. "आज करपनी," ते म्हणाले. त्या करपलेल्या भाकरीचा अर्धा भाग त्यांनी खाल्ला आणि अर्धा मला वाढला.

पुढचा मेळावा आठ दिवसांनी होता. बोलायला उठण्यापूर्वी मी मागे गेले आणि विचारलं, आप्पा, माझा आवाज बारीक आहे, मशीन मोठं ठेवाल ना? मशीनच्या बटणावर शून्य ते दहा आकडे होते; त्यांनी दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवली. "आठवर शे. बिनधास्त बोल." तोपर्यंत मी 'मॅडम, तुम्ही' वरून 'बेटा, तू' वर आले होते. त्या दिवसापासून तो आमचा रिवाजच पडला. मी माईकशी उभी राहिले की मागे बघायचे, गर्दीच्या पलीकडे आठ बोटं वर व्हायची, आणि मला वाटायचं माझ्या पाठीशी सगळ्या भोंग्यांचं बळ उभं आहे. मग मी बोलायचे. मराठीत सुरू करायचे, अडले की अहिराणीत शिरायचे, अहिराणी चुकली की लोक दुरुस्त करायचे, आणि तेवढ्यात संवाद सुरू झालेला असायचा.

त्या दिवशी मी आईची गोष्ट सांगितली आणि केळीशेजारची काकडी उपटून टाका म्हटलं. शेवटच्या रांगेतले एक फेटेवाले बाबा उठले. "मॅडम, केयीवर रोग शे हाई समजनं. पन काकडीले ते काहीच व्हयेल नही. ती काब्र उपटानी?" आधीची मी असते तर कागदात डोकं घातलं असतं. मी विचारलं, बाबा, तुमच्या बागेला लागून काकडी आहे का? ते म्हणाले, आहे ना, मोप आहे. मग चला, आत्ता जाऊन पाहू. निम्मी सभा आमच्या मागे वावरात आली. मी काकडीचं पान उलटं करून मावा दाखवला. बाबा बराच वेळ पाहत राहिले, मग खाली बसले आणि स्वतःच्या हातांनी वेल उपटायला लागले. परतताना शिपायाच्या मोटारसायकलवर माझ्या मांडीवर गोणीभर काकड्या होत्या. महिनाभर आमच्या गल्लीत सगळ्यांकडे कोशिंबीर झाली.

आप्पांची शिकवण अशी तुकड्या-तुकड्यांत यायची, कधी वायर गुंडाळताना, कधी चहाच्या टपरीवर. ते लोकांचे चेहरे कधी बघत नसत. "लोकेसनं तोंड देखू नको. तोंड खोटं बोलस. पाय देख." सतरंजीवर बसलेल्या माणसाला कंटाळा आला की तोंडावर तो आदर तसाच ठेवतो, पण पाय कडेला सरकतो आणि अंगठा आपली चप्पल शोधायला लागतो. चपला हलल्या की भाषण संपलं, उरलेलं फक्त हवेत जातं, असा त्यांचा सिद्धांत होता. याचा मला एकदा चांगलाच प्रसाद मिळाला. बोलता येतंय म्हटल्यावर मी शेफारले होते. एका गावी ठिबक सिंचनावर असं काही रंगात आले की थांबेचना. मध्येच माईक बंद पडला. लाईट गेली म्हणून लोक भराभर उठले आणि पांगलेही. मी हळहळत मागे गेले तर मंडपातला पंखा मजेत फिरत होता. "लाईट कोठे गयी? मीच बटन दाबं," आप्पा म्हणाले. "लोकेसले चपला सापडी गयात, तुलेच समजनं नही." मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जिजींनी भरीत केलंय म्हणून निरोप पाठवला आणि मी निमूट गेले. भरतापुढे कुणाचा राग टिकतो?

पण मला विचाराल तर मी खरी बोलती झाले ती सारंगखेड्याच्या यात्रेत. घोड्यांचा बाजार जोरात भरलेला, आमच्या खात्याचा स्टॉल आणि आप्पांचं हरवले-सापडलेचं मशीन शेजारी शेजारी. दुपारी पोलिसांनी एका म्हाताऱ्या बाईला आणून आप्पांजवळ बसवलं. अंगावर डोंगरातलं लुगडं, पायात काही नाही, डोळ्यांतून पाणी. ती सारखं काहीतरी सांगत होती आणि कुणालाच कळत नव्हतं. आप्पांनी मला हाक मारली. "हाई माय काय बोली ऱ्हायनी, माले समजत नही. तू देख बरं." मी जवळ गेले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती माझ्या घरची भाषा बोलत होती. नवऱ्याबरोबर घोडे बघायला आली होती, गर्दीत हात सुटला. नवऱ्याला कमी ऐकू येतं आणि मराठी अजिबात येत नाही, आता तो एकटा कुठे जाईल, हीच तिची चिंता. स्वतःची नाही, त्याची!

मी आप्पांना सगळं सांगितलं, तुम्ही पुकारा म्हटलं. त्यांनी माईक माझ्या हातात दिला. "तिन्हाच भाषामा बोल." चर्चच्या बाहेर, डोंगराच्या खाली, चारचौघांत मी ती भाषा कधी काढली नव्हती. शहाद्यात तर घरून फोन आला तरी मी गच्चीवर जाऊन बोलायचे, कुणी ऐकून हसू नये म्हणून. मी मागे पाहिलं. आठ बोटं वर होती. मग मी डोळे उघडे ठेवून, कोकणीत, अख्ख्या यात्रेला ऐकू जाईल असं त्या आजोबांना नावानं पुकारलं. तुमची म्हातारी इथे भोंग्याखाली बसली आहे, तिने काही खाल्लेलं नाही, ती तुमच्यावर रागावली आहे, लवकर या. तापीकाठी, घोड्यांच्या टापांत आणि पाळण्यांच्या गोंगाटात माझ्या आईची भाषा दुमदुमली. तीनदा पुकारलं. चौथ्यांदा तोंड उघडणार तोच गर्दीतून एक वाकलेला म्हातारा काठी उंच धरून जवळजवळ पळत आला. बाईनं त्याला पाहिलं, डोळे पुसले आणि असं काही झापलं की आजूबाजूचे सगळे हसायला लागले, न कळताच. एका घोडेवाल्यानं मला विचारलं, मॅडम, ही कोणती भाषा, लई गोड आहे. मी सांगितलं, माझी. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तो मी स्टॉलवर सगळ्यांसमोर उभी राहून घेतला.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली धडगावला झाली. झाडाखाली दहा-वीस माणसांशी बोलायला माईक लागत नाही, तिथे मी निभावून न्यायचे. पण मोठा मेळावा ठरला की माझा हट्ट एकच, मशीन शहाद्याहून येईल. आप्पा सत्तरी ओलांडलेले. तरी पेटी जीपच्या टपावर बांधून, भोंगा मांडीवर घेऊन घाट चढून यायचे. वळणावळणावर इतर प्रवाशांना तो भोंगा लागायचा आणि आप्पांना शिव्या खाव्या लागायच्या. एकदा परतीच्या चहाच्या वेळी मी विचारलं, आप्पा, तुम्हाला बोलण्यातलं एवढं कळतं, मग तुम्ही स्वतः का नाही बोललात कधी? त्यांनी बशीतला चहा संपवला. "बेटा, आठे मशीनवर बठी इतलं ऐकं, बोलाले काही उरनंच नही." आणि मग जरा थांबून म्हणाले, "आनि दोन्ही बोलनारच व्हयनात ते मशीनवर कोन बठी?"

...तर गंधमुक्ती. गल्लीत मंडप पडला होता. नातेवाइकांनी दुसऱ्या मंडपवाल्याचं मोठं डीजेचं मशीन ठरवलं होतं. ते जिजींनी परत पाठवलं. "दुसरानं मशीन लावसूत ते त्यासले बरं वाटाव नही." आणि मग त्यांनी जे केलं त्यानं चार बायकांनी तोंडाला पदर लावले. आप्पांची पेटी त्यांनी मागे, आप्पा ठेवायचे तशीच भिंतीला लावून ठेवली आणि स्वतः मशीनवर बसल्या. आयुष्यभर पाहत आले, मला काय येत नाही, म्हणाल्या. तीन भाषणं झाली. तिसऱ्याच्या वेळी माईकनं शिट्टी मारली, जिजींनी बटण फिरवून आवाज पार खाली आणला. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी आधी मागे गेले. "जिजी, आज गळा दाटलाय. नऊवर ठेवा." त्यांनी मान डोलावली, डोळे भरलेले. मी पुढे जाऊन उभी राहिले, बारा वर्षांच्या सवयीनं मागे पाहिलं, आणि तिथे बोटं वर करणारं कुणी नव्हतं. जिजी पदरानं डोळे पुसत होत्या. माझे डोळे मिटायला लागले... अगदी पहिल्या दिवसासारखे. मी ते जोर लावून उघडे ठेवले आणि पायांकडे पाहिलं. सतरंजीवर शे-दीडशे पावलं, थकलेली, भेगाळलेली, शांत. त्यांच्याशी मी बोलायला लागले.

मी पहिल्या मेळाव्याची गोष्ट सांगितली, अख्खा गाव कसा श्रद्धांजलीला उभा राहिला ती. गंधमुक्तीत हसायचं की नाही हे लोकांना क्षणभर कळेना. मग आप्पांचे व्याहीच आधी फस्सकन हसले आणि हसू मंडपभर पसरलं. करपलेली भाकरी सांगितली, काकड्यांची गोणी सांगितली, भोंग्याच्या शिव्या सांगितल्या. हसता हसता लोक डोळे पुसत होते. मला रडू आलं तिथे मी रडले आणि पुन्हा बोलायला लागले. शेवटचं एक वाक्य मी कोकणीत आप्पांशी बोलले. ते इथे लिहीत नाही, ते आमच्या दोघांतलं आहे. आणि एकही अंगठा चपलेकडे सरकायच्या आत थांबले.

मागे जिजींकडे गेले तर त्या डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "बेटा, माफ कर माले... आवाज परत चढावाले इसरी गयी मी." मी मशीनकडे पाहिलं. बटण पार डावीकडे, शून्यावर. शिट्टी बंद करायला त्यांनी फिरवलं होतं ते तसंच होतं. मी एवढा वेळ त्या गल्लीत माझ्याच गळ्यानं बोलले होते आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं. मला कळेना. एवढा फरक मला स्वतःला कसा जाणवला नाही? जिजींनी पेटीचं झाकण माझ्याकडे वळवलं.

झाकणाच्या आतल्या लाकडावर बॉलपेननं बारीक अक्षरांत यादी होती. बारा वर्षांत मी ती पेटी शेकडो वेळा उचलू लागले असेन, पण झाकणाची आतली बाजू कधी पाहिली नव्हती. नेहमीच्या वक्त्यांची नावं आणि कुणाला किती आवाज लागतो त्याचे आकडे. कीर्तनकार महाराज, तीन. कारखान्याचे साहेब, सहा, कागद वाजतो. एका नवरदेवाचे मामा, बंद ठेवणे. आणि तळाशी, सगळ्यांत लांब ओळ, 'एस्तर बेटा'. सारंगखेडा, नऊ. काकडीचं गाव, आठ. यात्रा, सात. पुढे सहा, पाच, ठिबकवालं गाव चार, धडगाव तीन, धडगाव दोन. शेवटी शहादा, दीड. मला मात्र दर वेळी आठ बोटं. "त्यासनीच सांगेल व्हतं, तिले सांगू नको, नही ते पोर परत डोया मिटी लेई," जिजी म्हणाल्या.

मी त्या ओळीवर हात ठेवून बसून राहिले. मंडपात जेवणाच्या पंगती बसत होत्या, कुणीतरी मीठ मागत होतं. जिजींनी पेटीत दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन काढलं, झटकलं. शाळा त्यांनी दुसरीतच सोडलेली. चष्मा नीट करून, जीभ दातांत धरून, दीडच्या पुढे त्यांनी सावकाश एक वाटोळं शून्य काढलं. ते जरा वाकडं आलं. त्यांनी मान तिरकी करून ते पाहिलं, झाकण मिटलं आणि म्हणाल्या, "चाल, जेवाले बठ."